यादींत उरलेलीं नांवें

मनुष्यास एकदां यादी करण्याची संवय जडली म्हणजे ती पुरी केल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. कोणी बारा ज्योतिर्लिंगांची यादी करतो, कोणी गडकिल्ल्यांची. आमच्या थोरल्या पुतणीनें अवश्य पाहावयाच्या शंभर मूकपटांची केली आहे. पहिलीं ऐंशी-नव्वद नांवें तिनें दीड वर्षांत हातावेगळीं केलीं. चॅप्लिन व कीटन यांचे खेळ तर आजकाल घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि ते चालू असतां आजीपासून नातवापर्यंत सारें घर एकदम हंसतें, हा गुण बोलपटांतहि विरळा. परंतु शेवटचीं आठ-दहा नांवें जीं अडलीं, तीं अडलींच. तिची ही धडपड आम्ही जवळून पाहत आहों, आणि तिच्या निमित्तानें जें समजलें तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें आहे.

मूकपट दुर्मिळ झाले याचें कारण केवळ लोकांची अनास्था नव्हे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूंत वापरतात त्या स्फोटक कापसाचा चुलतभाऊ! एकदां पेटला कीं पाण्यानेंहि विझत नाहीं. कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तो स्वतःच पुरवितो. पेटला नाहीं तरी उष्ण व दमट हवेंत तो प्रथम चिकट होतो आणि शेवटीं त्याची तपकिरी भुकटी होते. शिवाय फितीवर चांदीचा अंश असे, म्हणून खेळ चालेनासा झाला कीं जुनीं रिळें मोडींत जात. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला, आणि थोड्याच वर्षांत मुक्या चित्रांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. आपल्या देशांत १,३०० हून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकीं आज ३० च्या आसपास शिल्लक आहेत, आणि तेहि बहुतेक तुकड्यांनीं. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत तरी काय? तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें सुमारें ११,००० मोठ्या मूकपटांपैकीं शेंकडा १४ च मूळ स्वरूपांत उरले आहेत.

यादींतील पहिलेंच देशी नांव ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागलेला दादासाहेब फाळक्यांचा हा चार रिळांचा पट. त्याचें पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. परंतु तीं त्या पटाचीं नसून फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या आवृत्तीचीं आहेत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. मग पुतणीनें त्या नांवापुढें खूण करावी कीं न करावी? यावर आमच्या घरीं दोन दिवस वाद चालला. मातोश्रींचें म्हणणें, जें दिसलें तें हरिश्चंद्राचेंच ना, मग झालें! त्यावर पुतणी म्हणाली, “आजी, भंगलेली मूर्ति तूंच पूजेंत ठेवूं देत नाहींस.” शेवटीं तिनें त्या नांवापुढें अर्धी खूण केली आहे.

त्या मानानें १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराच अखंड हातीं लागला. याचें श्रेय पी. के. नायर या गृहस्थांस द्यावयास हवें. १९६४ सालीं पुण्यास हें संग्रहालय स्थापन झालें, आणि फाळके कुटुंबियांकडे राहिलेलीं रिळें मिळवून तीं जुळविण्याच्या कामीं नायर यांनीं जन्माचा ध्यास घेतला. या पटाच्या आरंभीं फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिचा नुसता चेहरा दिसतो. राग, आश्चर्य, हंसू असे भाव ती एकामागून एक दाखविते, आणि पाहतां पाहतां त्याच चेहऱ्याचा श्रीकृष्ण होतो. दोनच वर्षांपूर्वीं ‘लंकादहना’त राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषानें केल्या होत्या, हें आठवलें म्हणजे त्या मुलीच्या धिटाईचें आणि तिच्या वडिलांच्या धिटाईचेंहि कौतुक वाटतें.

ज्याची हळहळ आम्हांस सर्वांत अधिक वाटते तो बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५). नारायण हरि आपटे यांची कथा, कोल्हापुरची महाराष्ट्र फिल्म कंपनी, आणि जमीन सावकाराच्या घशांत गेल्यामुळें शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम. देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या त्या गर्दींत आपल्या खेड्यांतील कर्जबाजारी घर पडद्यावर आणणें हें लहान काम नव्हतें. बाबूरावांनीं १९३६ सालीं त्याचा बोलपट केला खरा, पण तो निराळा. मूळ पटाचें एकहि रीळ आज उपलब्ध नाहीं.

तथापि आशा अगदींच सोडावी असेंहि नाहीं. ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘जोन ऑफ आर्क’ची मूळ निगेटिव्ह १९२८ सालींच आगींत गेली होती, पुढें १९८१ सालीं ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयांतील कपाटांत त्याची चांगली प्रत निघाली! कलकत्त्याच्या मदन कंपनीचा १९१९ चा ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमाथेकमध्यें सांपडला. मूळ लांबीचा सुमारें सहावा हिस्साच, पण तो २०१६ सालीं पुण्यास आला.

अशाच आशेनें आमची पुतणी गेल्या वैशाखांत एका तालुक्याच्या गांवीं जाऊन आली. तेथील जुन्या टूरिंग टॉकीजच्या मालकांच्या वाड्यांत माळ्यावर फितीचे डबे आहेत असें तिला कळलें होतें. डबे होते, एकंदर आठ. त्यांतील पांच घरच्या वडीलधाऱ्या बायकांनीं घांसूनपुसून पापड ठेवण्यास घेतले होते. गोल, पसरट, घट्ट झांकणाचे, त्यामुळें पापडांस ते उत्तम, हें कोणीहि गृहिणी कबूल करील. आंतील फितीचें काय झालें तें कोणास आठवत नव्हतें. सहाव्यांत व सातव्यांत भुकटी निघाली. आठव्याचें झांकण गंजून बसलें होतें. तें न उघडतां, मालकांची परवानगी घेऊन, तिनें त्याविषयीं पुण्यास लिहिलें आहे.

न उघडण्यांत तिनें शहाणपणा केला. वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असे डबे असतील, तर ते बळानें उघडूं नयेत, फीत उलगडूं नये, यंत्रावर तर मुळींच चढवूं नये. देवघर, चूल व तापणारे पत्रे यांपासून दूर, थंड व वारा खेळत्या जागीं ते ठेवून संग्रहालयास कळवावें. डब्यास शिरक्यासारखा आंबूस वास येत असेल, तर ती फीत बहुधा नंतरच्या काळची, ॲसिटेटची असते. ती तशी पेट घेत नाहीं, पण नासते मात्र खास.

आठव्या डब्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. मध्यंतरीं मातोश्रींनीं एक सूचना केली आहे. गोकुळाष्टमीच्या रात्रीं जन्म होईपर्यंत घरांत सर्वांस जागावयाचेंच असतें. तेव्हां यंदां त्या वेळांत ‘कालिया मर्दन’ लावावा.