धुळीने मेलेल्यांची नोंद कोण करणार?

खाणीत, क्रशरवर राबणारा आपला माणूस खोकू लागला की दवाखान्यात टीबीचा शिक्का बसतो. औषधांचा कोर्स संपतो, दम मात्र वाढतच जातो. ‘बाबा, काम कसले करतोस?’ हे त्याला कुणी विचारले का?

हा सिलिकोसिस असू शकतो. दगड फुटताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात खोल रुतते. तिच्याभोवती तंतूंचे घट्ट व्रण साचतात, फुफ्फुस ताठर होते. हे व्रण बरे करणारे औषध नाही. एक्स-रेमध्ये तो टीबीसारखा भासतो, शिवाय टीबीलाही निमंत्रण देतो.

हा घोळ मालकाच्या पथ्यावरच पडतो. टीबी ठरला तर दोष झोपडीचा. सिलिकोसिस ठरला तर भरपाई मालकाची! मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दळायला गेले आणि मेले. लढा न्यायालयात गेला, तेव्हा कुठे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

वडार, दलित, आदिवासी दगड फोडतात; त्यांचे मरण नोंदीतही येत नाही. मजूरमंत्री असताना १९४३ साली बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आम्ही त्यांचे अनुयायी निदान दवाखान्यापर्यंत तरी सोबत जाऊ. केसपेपरवर ‘दगडकाम, इतकी वर्षे’ एवढे लिहून घेऊ. न्यायाची लढाई त्या एका ओळीपासून सुरू होते.