नाली कोणाची?

घरासमोरची नाली तुंबली की खामगावसारख्या नगरात एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. नागरिक घरपट्टीची पावती पुढे करतो. घरजोडणी खाजगी आहे, असे उत्तर त्याला मिळते. वाद चालू राहतो आणि सांडपाणी रस्त्यावरून वाहत राहते.

कायद्यात दोन टोके स्पष्ट आहेत. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार सार्वजनिक नाल्या व गटारे बांधणे आणि ती सुस्थितीत राखणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. आवारातील नळ्या सांभाळणे हे घरमालकाचे काम. तंटा आहे तो मधल्या तुकड्याचा, म्हणजे आवाराच्या भिंतीपासून रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंतच्या नळीचा.

या नळीचा भार मालकावर टाकणे अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. रस्ता आपल्या मर्जीने खोदण्याचा अधिकार त्याला नाही. मालमोटारींच्या वजनाने किंवा दुसऱ्याच कामाच्या खोदाईने नळी फुटली तर दोषही त्याचा नाही. जेथे नियंत्रण नाही तेथे दायित्व कसले? शिवाय एकाने पैशाअभावी दुरुस्ती लांबविली तर रोगराई साऱ्या गल्लीत पसरते. कापसाच्या या पेठेला मुख्य लोहमार्गाशी जोडणारा जलंब-खामगाव फाटा 1870 मध्ये सरकारी खर्चाने झाला. प्रत्येक व्यापाऱ्याने आपापले रूळ टाकले नाहीत. इंग्लंडमध्येही 1 ऑक्टोबर 2011 पासून आवाराबाहेरच्या बहुतेक खाजगी जोडनळ्या जलकंपन्यांकडे सोपविण्यात आल्या.

अर्थात कोणतीही सेवा फुकट नसते. गटारही हवे आणि करवाढही नको, ही विसंगती नागरिकांनी सोडली पाहिजे. पालिकांनीही दुरुस्तीवरील खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, आणि नालीत विटा-चिंध्या टाकणाऱ्याकडून तो वसूल करावा.

या अनिश्चिततेची खरी किंमत मात्र तिसराच माणूस मोजतो. कोणी येत नाही म्हणून घरमालक चार पैसे देऊन एखाद्या मजुराला गटारात उतरवितो. सुरक्षासाधनांविना असे उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, मग उतरविणारी पालिका असो वा घरमालक. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 30 लाख रुपये केली. जीव गेल्यावर जबाबदार शोधण्यापेक्षा जबाबदारी आधीच ठरविणे शहाणपणाचे. भिंतीच्या आत मालक, भिंतीबाहेर पालिका, एवढा साधा नियम प्रत्येक नगराने लेखी स्वरूपात जाहीर करावा.