अकरावीचे विषय घेताना घाई नको



दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या फॉर्मची धावपळ सुरू होते. नवीन इंजिन घ्यायचे तर आपण दहा जणांना विचारतो, दोन-चार ठिकाणी जाऊन भाव काढतो. पण मुलाचे विषय हायर सेकंडरीच्या खिडकीपाशी पाच मिनिटांत ठरतात. "मित्राने घेतले तेच घेतो", "गणित कठीण, नको ते", झाले काम! माझे स्पष्ट मत आहे, आपली मुले मार्कांमुळे जेवढी अडतात त्याहून जास्त या पाच मिनिटांमुळे अडतात.

कारण बारावीनंतर चांगल्या ठिकाणी आधी टक्के विचारत नाहीत. आधी विचारतात, विषय कुठले होते?

मर्चंट नेव्हीत ऑफिसर व्हायचे तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यावी लागते. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून 60 टक्के हवेत आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला 50 टक्के. कोस्ट गार्डमध्ये नाविक जनरल ड्युटीला बारावीत गणित आणि फिजिक्स पाहिजेच. एनडीएतून नेव्हीत जायचे तरी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागते, आणि तिथे 2022 पासून मुलीही आहेत. आता सांगा, दर्या आमच्या मुलांएवढा कोणाला माहीत? लाटेला न भिणारा मुलगा, पण अकरावीला गणित सोडले म्हणून त्याला साधा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. याचेच मला वाईट वाटते.

डॉक्टरकीच्या नीटला बायोलॉजी लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण फिशरीजची चार वर्षांची पदवी असते, तिलाही बायोलॉजी लागते, हे आपल्याच घरांत माहीत नसते. रत्नागिरीला शिरगावात आणि मंगळूरला अशी कॉलेजे आहेत. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा सीयूईटी परीक्षेतून देशभरच्या मुलांना मिळतात, म्हणजे गोव्याच्या मुलांनाही वाट आहे.

अजून काही ठरले नसेल आणि अभ्यासाची तयारी असेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावे. ओझे जड आहे, पण दोन्ही दारे उघडी राहतात. झेपत नसेल तर मात्र दोन डगरींवर पाय नको.

सायन्स घेतले तोच हुशार, असेही नाही. सीए फाउंडेशन किंवा बारावीनंतरची पाच वर्षांची वकिली कुठल्याही शाखेतून करता येते. ज्याला हिशेबाची आवड आहे त्याने कॉमर्सच घ्यावे. लोकांना दाखवायला सायन्स घेऊन बारावीला नापास होण्यात काय अर्थ?

काही जण म्हणतात, "शेवटी ट्रॉलरवरच येणार, विषय कुठले का असेनात." येऊ दे, आनंदाने येऊ दे! पण स्वतःच्या मर्जीने येऊ दे, दुसरे दार बंद झाले म्हणून नको.

आणखी एक. "पैसे भरा, विषय कुठलेही चालतील, पोराला जहाजावर ऑफिसर करतो" असे सांगणारे एजंट फिरतात. डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीला समोर बसवून विचारा, पुढे काय करायचे आहे? जिथे जायचे त्या कोर्सचे यंदाचे नियम बघा, ते बदलत असतात. गावातल्या हायर सेकंडरीत तो विषय नसेल तर बसने दुसऱ्या गावी पाठवा, मुलगी असली तरी. दोन वर्षांचे बसभाडे परवडते. सोडलेला विषय परत मिळवणे फार महाग पडते.

ज्यांना नियम वाचून समजत नाहीत त्यांनी मुलांना घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. बसून बघू.

आपला,
सचिव