कापिशायन आणि अकलूज

मद्याची चर्चा या सदरात कशाला, असे काही वाचक विचारतील. परंतु कापिशी नगरीच्या द्राक्षमद्यास ‘कापिशायन’ हे नाव कसे साधते, एवढ्यासाठी पाणिनीने एक सूत्र वेचले आहे. मग त्याच्या विद्यार्थ्याने संकोच का करावा? कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील आजचे बेग्राम. ऑस्ट्रियात अद्याप हीच रीत आहे. तेथील आयझेनबर्ग, म्हणजे लोहगिरी, येथील तांबडी वाइन त्या डोंगराच्याच नावाने विकली जाते, आणि जाणकार तीत लोहयुक्त मातीची चव शोधतात.

मनूने गौडी, पैष्टी व माध्वी या तीन सुरा वर्ज्य सांगितल्या. त्यांत द्राक्षाचे नाव नाही, अशी पळवाट काही पंडित काढतात. पण कौटिल्य द्राक्षरसाच्या मद्यासच ‘मधु’ म्हणतो, तेव्हा ती वाट मला बंद दिसते. घेणाऱ्याने निषेध जाणूनच घ्यावे.

माजिवड्यास पुतण्याकडे मी घेतले ते आचमनापुरतेच. बाटली सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची. २००७ च्या सुमारास इटलीचे सेक्की, आपल्याकडील सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या बंधूंनी मिळून तेथे फ्रातेल्ली ही कंपनी काढली. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. आपल्या ‘भ्रातृ’शी त्याचे नाते उघड आहे. त्यांच्या उंची तांबड्या वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सप्त. तीत टस्कनीच्या सांजोव्हेसे जातीचे द्राक्ष मुख्य असून ती ओकच्या पिपांत मुरवितात.

“काका, गिळू नका, जिभेवर फिरवा,” पुतण्या म्हणाला. प्रथम आंबट, मागाहून कच्च्या जांभळाची तुरटी. तांबडी वाइन सालीबियांसह आंबवितात, त्यांतून हा कषाय रस उतरतो. भरल्या वांग्याच्या तिखटाने तो दुणावला, थालीपिठावरच्या लोण्याने मवाळ झाला. पेल्यात अर्धा तास वारा लागल्यावर तर निराळाच सुगंध सुटला.

युरोपातील वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्यास झोप नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी छाटणी करून माघ-फाल्गुनाच्या सुमारास फळ काढतात. ऊन चढले की गोडी झपाट्याने वाढते व आंबटपणा ओसरतो. हा अंबटगोडाचा तोल साधणे हेच तेथील कसब, आणि ते या बाटलीत साधले आहे असे माझ्या जिभेस वाटले. नाव मात्र परके. कापिशीवरून कापिशायन होते, तर ‘अकलूजी’ म्हणावयास काय हरकत होती?