सायबरस्टर, छकडा आणि दोन टन वजन

मंडळी, बीड जिल्ह्यातल्या माणसानं स्पोर्ट्स कारवर लिहावं हे काहींना विनोदी वाटेल. वाटू द्या. आमच्या बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. त्यामुळे वेग या विषयावर आमच्याइतका विचार कुणी केला नसेल. वाट बघणाऱ्यालाच वेगाची किंमत कळते :)

तर गाडी आहे एमजी सायबरस्टर. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये वाहनांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं (जुनी माणसं त्या जागेला अजून प्रगती मैदानच म्हणतात). सामान्य लोकांसाठी ठेवलेल्या दिवसांपैकी एका दिवशी मी आणि माझा भाचा गेलो होतो. भाचा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, गाडीचे दरवाजे बसवण्याच्या लाइनवर. त्यानं बरोबर असणं या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे, कारण मी गाडी बघत होतो आणि तो गाडीची फट बघत होता. म्हणजे दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली फट. ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, यावर त्याचा पगार अवलंबून असतो.

पहिलं मत सांगून टाकतो. गाडी सुंदर आहे. फोटोत बघितली होती तेव्हा मागचे बाणासारखे दिवे मला जरा नाटकी वाटले होते. प्रत्यक्षात ते तितके खुपत नाहीत. लांब बॉनेट, मागे सरकलेली दोन माणसांची बैठक, कापडी छप्पर, बसकी उंची... हे सगळं जुन्या एमजीच्या घराण्यातलं आहे. वर उचलले जाणारे दरवाजे मात्र घराण्यातले नाहीत. बटण दाबलं की दोन्ही पंख वर जातात आणि गर्दीतून 'ओऽऽ' असा आवाज येतो. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात माणसं गाडीपेक्षा त्या दरवाजांचेच व्हिडिओ जास्त काढत होती.

भाचा म्हणाला, "मामा, या दाराची बिजागरी बघा. एवढं वजन रोज वर उचलायचं म्हणजे खाली किती लोखंड घातलं असेल!"

त्याच्या या एका वाक्यावरच हा लेख उभा आहे म्हणा ना.

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस. इंग्लंडातल्या ऑक्सफर्डमधलं गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर यानं 1920 च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, चपळ बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. यंत्र तेच, कारकुनाच्या आणि शाळामास्तरच्या गाडीचं. फक्त वजन कमी, बैठक खाली आणि छप्पर उघडं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात राहिलेले अमेरिकन सैनिक एमजी टीसी बघून वेडे झाले आणि अमेरिकेत स्पोर्ट्स कारची आवड रुजायला त्या छोट्या गाडीचा मोठा हातभार लागला. पुढे 1962 ते 1980 एमजीबी निघाली. 1.8 लिटरचं इंजिन, शंभराच्या आतली अश्वशक्ती, वजन साधारण एक टनाच्या आसपास. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. लक्षात घ्या, ही श्रीमंतांची गाडी नव्हती. बेताच्या पगारातल्या तरुण माणसानं घ्यायची, रविवारी वळणावळणाच्या रस्त्यावर न्यायची आणि बिघडली की अंगणात स्वतः उघडून बसायची, अशी गाडी होती.

नंतरची कथा आपल्याकडच्या गिरण्यांसारखी आहे. अबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. 2005 मध्ये एमजी रोव्हर कंपनीच बुडाली, आणि नाव, साचे, यंत्रं चिनी कंपनीनं विकत घेतली. आज एमजी हे शांघायच्या सैक कंपनीचं नाव आहे. भारतात 2019 पासून ते हेक्टरमुळे घरोघरी माहीत झालं आणि आता जेएसडब्ल्यूची त्यात भागीदारी आहे. त्यात वाईट काही नाही. नावं विकली जातातच.

आता सायबरस्टरचे आकडे बघा. दोन मोटरी, 510 पीएस ताकद, 77 किलोवॅट तासांची बॅटरी, शून्यापासून शंभरपर्यंत 3.2 सेकंद. आणि वजन जवळजवळ दोन टन! एमजीबीच्या दुप्पट. जुलै 2025 मध्ये भारतात किंमत जाहीर झाली, ती 74.99 लाख रुपये.

आमच्या भागात स्पोर्ट्स कार नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला शंकरपटाला घेऊन जाईन. शर्यतीचा छकडा बघितलाय का कधी? शेतातल्या गाडीशी त्याचं नातं फक्त दोन चाकांपुरतं. साट्या नाहीत, तट्ट्या नाहीत, बसायला धड जागा नाही. जे काढता येईल ते सगळं काढलेलं. उरतं ते फक्त बैल, जू, चाकं आणि जीव मुठीत धरून बसलेला माणूस. छकडा बनवणाऱ्या सुताराला विचारा, वेग कसा वाढवायचा? तो तिसरा बैल जोडा म्हणणार नाही. तो म्हणेल, लाकूड तासा. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यासाठीचे कायदे वैध ठरवले. शर्यतींबद्दल, बैलांच्या हालांबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझीही दोन्हीकडची आहेत. पण त्या सुताराला स्पोर्ट्स कार म्हणजे काय हे कळलेलं आहे, एवढंच मला म्हणायचंय.

हलकेपणा हा स्पोर्ट्स कारचा एक गुण नव्हे, तोच तिचा धर्म आहे. हलक्या गाडीला थोडकं इंजिन पुरतं, थोडक्या इंजिनाला छोटे ब्रेक पुरतात, छोट्या ब्रेकला छोटी चाकं पुरतात, आणि हे सगळं छोटं झालं की किंमतही माणसात येते. उलटं केलं की सगळंच उलटं होतं. बॅटरी जड, म्हणून मोटर मोठी, म्हणून टायर रुंद, म्हणून चाकं वीस इंची, म्हणून पंचाहत्तर लाख. शिवाय बॅटरी बैठकीखाली असल्यानं माणूस वर बसतो. ज्यांनी गाडी चालवली त्यांतल्या अनेकांनी हीच तक्रार लिहिली आहे, आणि समोरच्या तीन पडद्यांतला काही भाग स्टिअरिंगच्या चाकाआड जातो अशीही.

यावर कुणी म्हणेल, अहो, विजेची गाडी जड असणारच. मान्य. मी विजेच्या विरोधात नाही. माझा आक्षेप त्या 510 वर आहे. निम्मी ताकद, निम्मी बॅटरी आणि साधे दरवाजे ठेवून हीच आकृती बनवली असती तर? माझदानं 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-5 दाखवली तेव्हा त्यांनी इंग्रजांची ही सोडून दिलेली कल्पनाच उचलली होती. छोटी, हलकी, दोन माणसांची. पाच वर्षांपूर्वी नव्हे, आजही ती गाडी सव्वा टनाच्या आत आहे, आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे गिऱ्हाईक नाही हे कारण खोटं आहे.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. बंगळूरच्या सॅन मोटर्सनं 1990 च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म काढली, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन. दिलीप छाब्रियांची अवंती 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली. टाटांनी मार्च 2017 मध्ये जिनिव्हाला रेसमो दाखवली, तीही 1.2 लिटरची, इंजिन मधोमध. ती बघून मी खरंच हरखलो होतो. आपल्या पिंपरीच्या कंपनीची गाडी, छोटी, खोडकर! ती कधी विकायला आलीच नाही. असो.

आता गडाबद्दल. आमचा नारायणगड म्हणजे किल्ला नव्हे. नगद नारायण महाराजांचं ठिकाण, वारकऱ्यांची धाकटी पंढरी. प्रदर्शनात भाच्यानं मला विचारलं, "मामा, ही गडावर जाईल का?" मी हसलो, पण तो गमतीनं विचारत नव्हता. बालाघाटाच्या डोंगरातले आमचे रस्ते वळणांचे आहेत. एकादशीची गर्दी सोडली तर सकाळी मोकळे असतात. दोन्हीकडे तूर, बाजरी, कापूस. छोट्या उघड्या गाडीला याहून चांगला रस्ता कुठला? इंग्लंडात ज्या रस्त्यांसाठी एमजी जन्मली ते असेच गावाकडचे, अरुंद रस्ते होते. फक्त त्यांच्याकडे दर फर्लांगाला गावकऱ्यांनी स्वतःच्या मर्जीनं घातलेले गतिरोधक नव्हते, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांना घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा नव्हत्या. सायबरस्टर आमच्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासून बसेल. एमजीबी कदाचित बडबडत का होईना, गेली असती.

मला मनातून जे लागलं ते वेगळंच आहे. ही गाडी लंडनच्या स्टुडिओत रेखाटली गेली, चीनमध्ये बनली आणि इथे तयार होऊन येते. आमच्या पोरांचा तिच्याशी संबंध दोरीच्या अलीकडून. आता छत्रपती संभाजीनगरजवळ ऑरिकमध्ये वाहनांचे मोठे प्रकल्प येऊ घातलेत. टोयोटा किर्लोस्करनं 31 जुलै 2024 ला राज्य सरकारशी करार केला, जेएसडब्ल्यूच्या विजेच्या गाड्यांच्या प्रकल्पालाही त्याच वर्षी मंजुरी मिळाली. बीडहून दोन-अडीच तासांची वाट. चाकणला खोली करून चौघांत राहणाऱ्या पोरांसाठी ही मोठी बातमी आहे, मी तिला नाक मुरडत नाही. पण तिथेही ती पोरं दरवाजे बसवणार. दरवाजा कसा असावा हे ठरवणार नाहीत.

आणि ठरवायची अक्कल नसते असं नाही. त्या दिवशी परतताना भाच्यानं बिलाच्या पाठीवर बिजागरीचं चित्र काढून दाखवलं. दरवाजा वर न उचलता थोडा बाहेर सरकवून पुढे नेला तर किती सुटे भाग कमी होतील, हे तो मला समजावत होता. बरोबर होतं की चूक, मला सांगता येणार नाही. पण तो त्या सुतारासारखा विचार करत होता, काय काढता येईल याचा.

मी चौकशी केली. गाड्यांचं डिझाइन शिकायचं तर पवईच्या आयआयटीत आयडीसी आहे, 1969 मध्ये सुधाकर नाडकर्णींच्या पुढाकारानं सुरू झालेली. अहमदाबादला एनआयडी आहे. पुण्यात खासगी संस्था आहेत, त्यांची फी ऐकून मी फोन ठेवला. आयडीसीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सीईईडी परीक्षा असते, तिला बारावीनंतर किमान तीन वर्षांचं शिक्षण लागतं. भाच्याचा डिप्लोमा दहावीनंतरचा. म्हणजे पाच-सहा वर्षं गाड्यांचे दरवाजे हातानं बसवलेला मुलगा त्या परीक्षेचा अर्जही भरू शकत नाही. मुक्त विद्यापीठातून पदवी केली तर वाट उघडेल, पण शिफ्ट सांभाळून तीन वर्षं जातील. त्यानं फॉर्म आणून ठेवलाय. भरलेला नाही अजून. त्याच्या आईचं म्हणणं, आधी लग्न.