आधी ती लाइट बंद कर!

फायनल इयरचं प्रोजेक्ट शोधताय? मग हा किस्सा वाचाच.

मोशीतल्या माझ्या इंजिनीअरिंगवाल्या मित्राने जवान आणि माजी सैनिकांसाठी खिशात मावणारं मेडिटेशन यंत्र बनवलं. निळी लाइट वाढत गेली की श्वास घ्यायचा, मंद झाली की सोडायचा. सोबत ब्लूटूथ आणि मोबाइल ॲप. दिसायला एकदम भारी! आम्ही ते सोसायटीच्या गेटवरच्या काकांना दाखवलं. काका फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी यंत्रावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “आधी ही लाइट बंद कर. अंधारात लाइट म्हणजे आपली जागा शत्रूला सांगणं.”

एका वाक्यात प्रोजेक्ट नापास!

“प्रोटोटाइपच तर आहे,” मित्र म्हणाला. मान्य. पण चूक फक्त लाइटची नव्हती. 2018 मध्ये स्ट्राव्हा या फिटनेस ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषा दिसल्या आणि लष्करी तळ उघडे पडले. 2020 मध्ये भारतीय लष्कराने जवानांना 89 ॲप्स काढून टाकायला सांगितली. म्हणजे ब्लूटूथ आणि ॲपही बाद.

मग उरतं काय? हातमोजे घालूनही दाबता येईल असं बटण आणि खिशातच जाणवणारं व्हायब्रेशन. आवाज नाही, स्क्रीन नाही, डेटा नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेही धरून चाला. शिवाय मनावर आघात झालेल्या काहींना डोळे मिटून बसणंच नकोसं होतं. त्यामुळे ‘डोळे मिटा’ हा हुकूम नको.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या मोशीतच एमएसएमई डिफेन्स एक्स्पो भरला होता. शस्त्र जवानाच्या हाती देण्याआधी त्याच्या किती चाचण्या होतात! मग मनासाठीची वस्तू आपण हॉस्टेलच्या रूममध्ये बसून अंदाजाने का बनवायची?

आणि यंत्र म्हणजे उपचार नव्हे. पुण्याच्या एएफएमसीत डिसेंबर 2023 मध्ये सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा 14416 हा नंबर तुम्हीआम्हीही फिरवू शकतो. तो यंत्राच्या पाठीवर ठळक छापा. ॲपपेक्षा जास्त कामाला येईल.

मित्राने लाइट काढलीय. आता तो काकांची ड्यूटी संपायची वाट बघतो, कोरी वही घेऊन. तुमच्याही गेटवर असे एखादे काका असतील. सोल्डरिंग गन तापवण्याआधी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसा की!