सर्वोत्तम नऊ आणि मोजणीत नसलेले

क्रिकेटच्या देशात बेसबॉलवर लेख? डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुम्ही विचारणारच. पण 'ऑल टाइम बेस्ट' टीम निवडण्याची खाज आपल्याला काही कमी नाही. ओपनिंगला गावसकरबरोबर कोण, यावरून मेसमध्ये भाजी गार होते, तरी निकाल लागत नाही. अमेरिकेतले बेसबॉलवाले हाच वाद आकड्यांनी घालतात, आणि आकडे म्हटले की ते आपल्याच घरचं काम. म्हणून मी एक टीम घेतली, बॉस्टन रेड सॉक्स. कारण साधं आहे. बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा गुरू मानला जाणारा बिल जेम्स २००२ च्या अखेरीस याच टीमकडे नोकरीला लागला, आणि १९१८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेली ही टीम २००४ मध्ये जिंकली.

निवडीआधी नियम ठरवायला हवेत, नाहीतर ती निवड म्हणजे नुसता टाइमपास.

पहिला नियम : खेळाडूने या टीमसाठी जे केलं तेवढंच धरायचं. बेब रूथचे करिअरमधले होमरन ७१४, पण त्यातले बॉस्टनसाठी फक्त ४९. इथे तो मुख्यतः पिचर होता. १९१९ च्या डिसेंबरमध्ये त्याला यांकीजना विकलं, विषय संपला! बॅटिंगच्या लाइनअपमध्ये तो नाही.

दुसरा नियम : बेरीज नको, दर हवा. लेफ्ट फील्डच्या जागेसाठी टेड विल्यम्स आणि कार्ल यास्ट्रेम्स्की अशी दोन मोठी माणसं आहेत. यास्ट्रेम्स्कीच्या हिट्स ३४१९, विल्यम्सच्या २६५४. बेरजेवर गेलात तर विल्यम्स बाहेर! पण विल्यम्सचे १९४३ ते १९४५ हे तीन पूर्ण सीझन दुसऱ्या महायुद्धात गेले, आणि कोरियाच्या युद्धामुळे १९५२ आणि १९५३ मिळून तो जेमतेम ४३ सामने खेळला. आता दर बघा. विल्यम्सची बॅटिंग सरासरी ०.३४४, म्हणजे हजार प्रयत्नांत ३४४ हिट्स. यास्ट्रेम्स्कीची ०.२८५. हिट्सबरोबर चार वाईट बॉल पडून फुकट मिळणारे बेसही धरले, तर विल्यम्स ०.४८२ वर जातो. इतका वर आजवर कोणीच गेलेला नाही. जागा विल्यम्सचीच.

तिसरा नियम : त्या काळाच्या सरासरीशी तुलना करायची. १९१२ मध्ये ट्रिस स्पीकरने फक्त १० होमरन मारले, तरी लीगमध्ये संयुक्त पहिला आला, कारण तेव्हा होमरन हाच दुर्मीळ प्रकार होता. १९३८ मध्ये जिमी फॉक्सने ५० मारले. म्हणून स्पीकर पाचपट वाईट ठरत नाही. पिचरचंही तेच. पेड्रो मार्टिनेझने २००० साली नऊ इनिंगमागे सरासरी १.७४ रन दिले, तेव्हा त्याच्या लीगची सरासरी होती ४.९१. साय यंग आणि रॉजर क्लेमेन्स यांनी बॉस्टनसाठी प्रत्येकी १९२ सामने जिंकले, पेड्रोने ११७. तरी एक सामना जिंकायचाच असेल तर मी बॉल पेड्रोच्याच हातात देईन.

चौथा नियम : मैदानाचा हिशोब. फेनवे पार्कमध्ये डावीकडे ३७ फूट उंच भिंत आहे, पण ती इतकी जवळ आहे की उजव्या हाताच्या बॅट्समनची चंगळच. सेकंड बेसवरचा बॉबी डोअर घरच्या मैदानावर ०.३१५ ने खेळला, बाहेर ०.२६१ ने.

या चार चाळण्यांतून माझी टीम अशी निघते : कॅचर कार्लटन फिस्क, फर्स्ट बेस जिमी फॉक्स, थर्ड बेस वेड बॉग्स, शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा, लेफ्ट फील्ड टेड विल्यम्स, सेंटर फील्ड ट्रिस स्पीकर, राइट फील्ड मूकी बेट्स, नुसत्या बॅटिंगसाठी डेव्हिड ऑर्टिझ, आणि पिचर पेड्रो. सेकंड बेस मुद्दाम रिकामा ठेवलाय, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

तिसऱ्या नियमाकडे परत या. 'काळाच्या सरासरीशी तुलना' हे ऐकायला एकदम शास्त्रशुद्ध वाटतं. पण ती सरासरी कोणाची? १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरेपर्यंत या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना दार बंदच होतं. ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होते. म्हणजे स्पीकर किंवा फॉक्स सरासरीच्या किती वर होता हे आपण चार दशांश स्थळांपर्यंत काढतो, पण ती सरासरीच अर्धवट सॅम्पलची! सॅचेल पेजसारखा पिचर त्या लीगमध्ये असता तर सगळ्यांचेच आकडे थोडे खाली आले असते. किती खाली, ते कुठलाही फॉर्म्युला सांगू शकत नाही. गाळलेला डेटा ॲडजस्ट करता येत नाही.

आणि रेड सॉक्सचा रेकॉर्ड यात सगळ्यात खराब. १६ एप्रिल १९४५ रोजी खुद्द रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तिघांची फेनवे पार्कवर ट्रायल झाली. तिघांपैकी एकालाही घेतलं नाही. पुढे १९५० मध्ये जेथ्रो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही बॉस्टनच्याच दुसऱ्या टीमकडून, ब्रेव्हजकडून! रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू, पम्प्सी ग्रीन, उतरवला तो जुलै १९५९ मध्ये. तेव्हाच्या १६ टीम्समध्ये सर्वांत शेवटी. १९०१ मध्ये सुरू झालेल्या क्लबची पहिली अठ्ठावन्न वर्षं अशी गेली. माझ्या टीममधले ऑर्टिझ, बेट्स आणि पेड्रो त्या काळात जन्मले असते तर तिकीट काढून बाहेर बसले असते.

म्हणून माझा पाचवा नियम, जो मला कुठल्याच फॉर्म्युल्यात दिसला नाही : दोघे बरोबरीत असतील तर उघड्या दाराच्या काळातला घ्यायचा. सेकंड बेससाठी डोअर आणि डस्टिन पेड्रोइया यांच्यात सगळा हिशोब करून केसाइतकाही फरक उरत नाही. मी पेड्रोइयाला घेतो.

यावर कोणी म्हणेल, यात डोअरचा काय दोष? त्याने थोडीच कोणाला अडवलं होतं? अगदी मान्य. दोष त्याचा नाहीच, आणि ही त्याला शिक्षाही नाही. प्रश्न एवढाच आहे की कोणाच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. लॅबमध्ये दोन रीडिंग्ज सारखी आली आणि एक मीटर नीट कॅलिब्रेट केलेला नसेल, तर आपण जर्नलमध्ये कुठलं रीडिंग लिहितो? विल्यम्सला मात्र हा नियम हलवू शकत नाही, त्याची आघाडीच तेवढी आहे. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट त्याला स्वतःला कळत होती. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये सत्कार झाला तेव्हा त्याने भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांचं नाव घेऊन त्यांनाही इथे जागा मिळावी असं म्हटलं. पेजला १९७१ मध्ये मिळाली, गिब्सनला १९७२ मध्ये. त्याआधी १९४७ मध्येच गिब्सन वारला होता.

२०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने त्या वेगळ्या लीग्जना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य रेकॉर्डमध्ये घेतले. करिअर सरासरीच्या यादीत गिब्सन ०.३७२ वर, टाय कॉबच्याही पुढे गेला. काहींना हे पटलं नाही, त्यांचे सीझन लहान होते म्हणे. सीझन लहान होते हे खरं, पण ते लहान का होते हेही सांगा ना!

उद्या आपल्यातलेच कितीतरी जण डेटावरून माणसांची क्रमवारी लावणारी सॉफ्टवेअर्स लिहितील. कोड बरोबर असेल, ग्राफ सुंदर असेल. ज्याला पेपरलाच बसू दिलं नाही त्याचं नाव नापासांच्या यादीतही येत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या. रेड सॉक्सची माझी टीम कोणी नोटीस बोर्डावर लावणार असेल तर खाली एक ओळ जरूर छापावी : '१९५९ पर्यंतचे आकडे अपुऱ्या मोजणीवर आधारित.' मग खुशाल माझ्याशी भांडायला या. यास्ट्रेम्स्कीवरून तर नक्कीच!